तिसऱ्या चाकावरचा माणूस

वेल्गा आली तेव्हा क्लबचा हिशेब
बुटांच्या एका खोक्यात होता:
पावत्या, दोन स्पार्क प्लग, वाळलेली एक मधमाशी.
दूधसंघात तीस वर्षं तिनं
लिटरमागचा पैसा न् पैसा मोजलेला.
खोकं टेबलावर पालथं केलं आणि विचारलं,
"माणसं किती येतात?"
आम्ही म्हणालो, "पूर्वी तर..."
"पूर्वीचं नको. मागच्या रविवारचं."

मागच्या रविवारी तीनशे बारा.
त्यातले चाळीस आमचेच नातेवाईक,
आणि एक कुत्रा, मी चुकून मोजलेला.

लाटवियातल्या ह्या टेकडीवर एके काळी
साइडकारच्या शर्यतींना
सामूहिक शेतांवरून ट्रक भरभरून यायचे,
हे मी तिला सांगायला गेलो.
ती तेव्हा संडासाला कडी बसवत होती.

मोसमभर तिनं शर्यत पाहिलीच नाही.
मैदानाकडे पाठ करून उतारावर बसायची,
दुर्बीण गर्दीवर.
कोण कधी उठतं, उठून कुठं जातं,
कुणाची पोरं कंटाळून गवत उपटतात,
सगळं वहीत.
दोन शर्यतींमधली पन्नास मिनिटं
कापून अठरावर आणली.
अकरा म्हणजे अकरा. पंच चिडले.
त्सेसिसच्या स्टेशनवरून बस.
बिअरच्या रांगेतूनही वळण दिसावं म्हणून
तंबू वीस पावलं सरकवला.
लाकूड कारखान्याचा आइवार्स म्हणाला,
"माझा फलक लावीन, आधी गर्दी दाखव."
"आधी फळ्या दे," ती म्हणाली, "गर्दीला बसायला."
फळ्या आल्या. ताज्या चिरलेल्या, डिंकाळ.
पहिल्या रांगेतल्या सगळ्यांच्या पँटी चिकटल्या.

मग एका संध्याकाळी माझ्याकडे आली.
मी बावीस वर्षं भोंग्यावरून नावं पुकारणारा.
"तू नाव कुणाचं घेतोस?"
"चालवणाऱ्याचं."
"आणि दुसरा?"
"तो... पॅसेंजर."

पॅसेंजर!
ना तिकीट, ना टेकायला जागा.
हँडल दुसऱ्याच्या हातात
आणि वळण आलं की हा आख्खा देह बाहेर टाकतो,
कान मातीला लागेल इतका खाली.
उंचवट्यावर झेपावतो मागच्या चाकावर,
पुन्हा बाहेर, पुन्हा आत,
पुढच्याच्या चाकाचा चिखल दातांत.
तेव्हा कुठं तीन चाकं जमिनीला धरून राहतात
आणि मी ओरडतो:
काय चालवतोय एदगार्स!

त्या रात्री जुनी पत्रकं काढली.
नावं होती. बारीक टायपात, कंसात.
एक तर माझ्या शेजाऱ्याचं निघालं,
ज्याच्या वाकड्या खांद्याचं कारण
मी कधी विचारलं नव्हतं.

मे महिन्यात पोस्टर लागलं,
बेकरीत, शाळेत, बसथांब्यावर.
गाडी त्यात जवळजवळ नाहीच.
नॉर्मुंड्स, हवेत आडवा,
जमिनीपासून चार बोटं.
खाली एकच ओळ:
ह्याचं नाव ओरडायला या.

आले. एक हजार सातशे साठ,
कुत्रे वगळून.
मी आधी पॅसेंजरचं नाव पुकारलं,
मग चालवणाऱ्याचं.
नॉर्मुंड्सची आई, मांडीवर राईचा पाव घेऊन बसलेली,
दचकून मागे वळली,
माझ्या पोराला इथं कोण हाक मारतंय?
मग तेच नाव उताराच्या खालून आलं, वरून आलं,
आणि एदगार्स हेल्मेटच्या आत
हसला की रुसला, कळलं नाही.

वेल्गाच्या वहीतला आकडा अजून लालच आहे.
ॲम्ब्युलन्सचं बिल, विमा, बँकेचं पत्र.
तीन मोसम लागतील म्हणते.
किंवा पाच.
किंवा विकावी लागेल टेकडी; हेही ती
त्याच आवाजात म्हणते.

पण काल शाळेमागच्या उतारावर
दोन पोरं एका ढकलगाडीवरून भांडत होती.
गेल्या वर्षी भांडण हँडलसाठी असायचं.
काल दोघांनाही बाजूला लटकायचं होतं.
गाडी मधोमध उभी,
चालवायला कुणीच तयार नाही.